रिकाम्या काट्यावर एकशे तीस किलो

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून चोवीस वर्षं काढल्यावर बाजारपेठेने त्यांना आपणहून दिलेली ती पदवी होती. तोंडावर कुणी म्हटलं तरी त्यांना राग येत नसे, उलट मान थोडी ताठ होई. सोनाराचा नाजूक काटा असो की भंगारवाल्याचा अवाढव्य, काटेसाहेब समोर आले की काटेसुद्धा सरळ होतात, असं बाजारात बोललं जाई. एवढ्या वर्षांत त्यांनी फक्त एकाच जातीच्या काट्याला हात लावला नव्हता. माणूस ज्यावर स्वतः चढून उभा राहतो, त्या.

तर झालं असं, की शहराबाहेर ट्रक तोलायचा एक भलामोठा काटा आहे, त्याची तपासणी होती. ऊन मी म्हणत होतं. शेडची सावली बरोबर काट्याच्या मधोमध पडली होती, म्हणून साहेबांनी तिथेच स्टूल मागवलं, त्यावर बसले, पाच किलोच्या प्रमाणवजनाची पिशवी मांडीवर घेतली आणि केबिनमधल्या माणसाला विचारलं, "रिकामा काटा किती दाखवतो?"

केबिनमधला माणूस घुटमळला. म्हणाला, "एकशे तीस, साहेब."

"रिकामा असताना?"

"तुम्ही म्हणता तर रिकामाच, साहेब."

काटेसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकामा काटा एकशे तीस किलो खातो म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा! त्यांनी बसल्या जागी अहवाल लिहिला, केबिनवाल्याची सही घेतली, लाख वितळवून काट्याच्या पेटीवर मोहोर मारली आणि लाख सुकेपर्यंत पुन्हा स्टुलावर टेकले. टेकले म्हणजे टेकलेच. जेवणानंतर दुपारी डोळा लागायचा हे अलीकडे रोजचंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी काट्याचा मालक थेट वरिष्ठांकडे फोटो घेऊन हजर झाला. फोटोत काटेसाहेब स्टुलावर बसलेले, हनुवटी छातीवर, तोंड किंचित उघडं, आणि डोक्यामागच्या फलकावर लालभडक आकडा एकशे तीस.

वरिष्ठ हे अंगाने काडीसारखे आणि स्वभावाने कोरडे गृहस्थ. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"यातले स्टुलाचे किती धरायचे?"

"सहा-सात, साहेब," काटेसाहेब म्हणाले. "पिशवीचे पाच. शिवाय हा काटा दहा-दहाच्या पटीत दाखवतो, त्यामुळे—"

"म्हणजे दोष काट्यात नव्हता."

"तांत्रिकदृष्ट्या नाही."

"आणि तुम्ही झोपला होतात. ट्रक यायच्या जागेवर." वरिष्ठांनी फोटो खणात ठेवला. "डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा. तोवर बाहेरची तपासणी बंद. टेबलावर बसून फायली बघा."

इथे काटेसाहेबांना खरं दुखलं. फायली बघायला दुसरे लोक होते. बाजारातून चालताना दोन्ही बाजूंचे दुकानदार उठून उभे राहतात, तेवढं एक सुख त्यांच्या आयुष्यात होतं, आणि ते एका स्टुलापायी गेलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं ते फक्त "एक किरकोळ कागद आणायचाय" इतकंच. तिने काही न विचारता हातातली पिशवी घेतली.

किरकोळ कागदाची बातमी जिन्यातून वर-खाली फिरायला एक संध्याकाळ पुरली. समोरच्या घरातले कवायतमास्तर, म्हणजे शाळेत तीस वर्षं मुलांना पळवून निवृत्त झालेले गृहस्थ, ते दारातूनच म्हणाले, "चरबी नाहीच ही. कमावलेलं अंग आहे. घाम काढा, सुटेल." कमावलेलं असेल तर सोडायचं कशाला, हे काटेसाहेबांना कळेना. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, त्यांच्या जावेच्या भावाने पोटाचं ऑपरेशन करून घेतलंय आणि आता त्याचं अख्खं जेवण एका वाटीत मावतं. "बारीक झाला हो, पण हसत नाही पूर्वीसारखा." मास्तर म्हणाले, तो आधी तरी कुठे हसत होता. मावशी म्हणाल्या, आधी हसायचा, तुम्ही पाहिलंय का त्याला? त्या वादात काटेसाहेबांचं पोट बाजूलाच राहिलं. औषधाच्या दुकानदाराने एक पावडरचा डबा पुढे केला, काटेसाहेबांनी सवयीने निव्वळ वजन वाचलं आणि परत दिला. गावाहून आईचा फोन आला. "आपल्या घराण्याचा बांधाच भरलेला आहे. तुझे आजोबा तुझ्यापेक्षा भरलेले होते." आजोबा पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, हे आई सांगायची राहिली. काटेसाहेब शेहेचाळीसचे होते.

वजनाच्या आजारांसाठी इस्पितळात एक वेगळा विभाग होता. तिथे बायकोला घेऊन काटेसाहेब गेले. खुर्च्या रुंद आणि बिनहातांच्या होत्या, हे त्यांना आवडलं, मग का आवडलं ते लक्षात आल्यावर आवडेनासं झालं. परिचारिकेने त्यांना वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. साहेब उभे राहिले नाहीत, वाकले. वाकायला त्यांना वेळ लागला. काट्याच्या पाठीवरचा पडताळणीचा शिक्का त्यांनी चष्मा लावून वाचला.

"याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलीये."

"काका, आधी उभे तर राहा," परिचारिका म्हणाली.

"मुदत संपलेल्या काट्यावर वजन करणं बेकायदेशीर आहे. करणाऱ्यालाही आणि करवून घेणाऱ्यालाही."

"अहो," बायको हळूच म्हणाली.

पण चोवीस वर्षांची सवय अशी 'अहो'ला ऐकत नाही. पिशवीत लाख होती, मोहोर होती. पाच मिनिटांत इस्पितळाचा काटा सीलबंद झाला आणि काटेसाहेबांना महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. बरं वाटणं साधारण तिथल्या मुख्य कारकुनाचं टेबल येईपर्यंत टिकलं.

"वजनाशिवाय तुमचा फॉर्म पुढे जात नाही," कारकून म्हणाला. "काटा उघडून द्या."

"उघडायला आधी पडताळणी व्हायला हवी."

"मग करा पडताळणी. हा भाग तुमच्याकडेच येतो ना?"

"माझी बाहेरची तपासणी बंद आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत."

"प्रमाणपत्र वजन झाल्याशिवाय मिळत नाही."

"बरोबर."

"मग बंद असताना तुम्ही सील कसं केलंत?"

या प्रश्नावर काटेसाहेबांनी भिंतीवरच्या सूचना वाचायला सुरुवात केली. ते सील वैध नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं, पण फोडायला कुणाचाच हात धजेना, कारण सील फोडणं हा गुन्हा आहे असं मोहोरेखाली स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते वाक्य काटेसाहेबांनीच कधीकाळी खात्याला सुचवलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. शांत, चष्म्याच्या दोरीला सतत हात लावणाऱ्या बाई. त्यांनी सीलकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि खिशातून टेप काढली.

"कंबर मोजते. चालेल?"

साहेबांनी टेप हातात घेऊन उलटसुलट पाहिली. टेपवर शिक्का होता आणि मुदतही होती. निरुपाय झाला. कंबर एकशे चोवीस सेंटिमीटर भरली.

"पोटाभोवतीची चरबी जास्त त्रास देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसत्या वजनापेक्षा हा आकडा पुष्कळ सांगतो. साखर, रक्तदाब, यकृत, हृदय, गुडघे, झोप. काही प्रकारचे कर्करोगसुद्धा. घाबरवत नाही, समजावतेय."

"समजलं," काटेसाहेब म्हणाले. पण त्यांना समजलं ते एवढंच, की कंबर मोजली आणि यादी गुडघ्यापासून कर्करोगापर्यंत गेली.

रक्त तपासायला गेलं. काटा उघडायला शेजारच्या विभागाचा निरीक्षक पुढच्या आठवड्यात येणार होता. तोवर आहारतज्ज्ञ बाईंनी एक कोरी वही दिली. सात दिवस जे जे पोटात जाईल ते लिहायचं, लपवायचं नाही, लाजायचं नाही. सोपं काम होतं. कुणीही केलं असतं. काटेसाहेबांनी ते खात्याच्या पद्धतीने करायचं ठरवलं, इथेच घोटाळा झाला.

"स्वतःच स्वतःविरुद्ध लिहिलेल्या नोंदीला काय अर्थ आहे?" ते बायकोला म्हणाले. "उद्या कुणी म्हणालं, खोटं लिहिलंय, तर? दोन पंच हवेत. निःपक्षपाती."

"जेवणाला पंच?" बायकोने विचारलं.

"पंचांशिवाय मी आजवर दुधाचं मापटंसुद्धा जप्त केलेलं नाही."

पंच म्हणून कवायतमास्तर आणि वरच्या मावशी नेमले गेले. दोघं सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी साडेसातला हजर राहू लागले. साहेबांनी आठवडाभराची रजाच काढली होती. ताट आधी तराजूवर ठेवायचं. भात वेगळा, भाजी वेगळी, पोळ्या मोजून. मग प्रत्येक पदार्थाचा नमुना तीन बाटल्यांत भरायचा. एक तज्ज्ञांसाठी, एक अभिलेखासाठी आणि एक आरोपीसाठी, म्हणजे स्वतःसाठी. तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा उरली नाही. जेवण सुरू होईपर्यंत ते थंडगार होई, म्हणून पुन्हा गरम करायचं, आणि गरम केल्यावर वजन बदलतं म्हणून पुन्हा तोलायचं.

आता, समोर दोन माणसं हात बांधून बसलेली असताना घरच्या बाईला एकट्या नवऱ्याला कसं वाढवेल? तिने पंचांनाही वाढलं. मास्तर आधी नको म्हणाले, मग अर्धं म्हणाले, मग म्हणाले की साक्षीदाराने चव घेतल्याशिवाय साक्ष कशी द्यायची. मावशींना एकटीने खायला अवघड वाटे म्हणून त्या साहेबांना आग्रह करीत. "आमच्यासमोर लाजू नका हो, लिहायचंच आहे तर नीट खा." साहेब नीट खात. प्रत्येक पानाखाली तिघांच्या सह्या होत. गुरुवारच्या पानावर 'बिस्किटं दोन नव्हेत, तीन' असा मास्तरांचा लेखी आक्षेप आहे आणि त्याखाली 'तिसरं मास्तरांनी खाल्लं' असा मावशींचा प्रतिआक्षेप.

सात दिवसांनी वही आहारतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर गेली. त्या बराच वेळ बेरीज करत बसल्या. मग दुसऱ्यांदा केली.

"हे एका माणसाचं आहे?"

"पंचनाम्यात टेबलावरचा एकूण मुद्देमाल दाखवावा लागतो," काटेसाहेब म्हणाले.

"मग यातलं तुम्ही खाल्लेलं कुठलं?"

साहेबांनी वही उलटीसुलटी चाळली. वहीत सह्या होत्या, वेळा होत्या, तराजूचा क्रमांक होता. त्यांनी स्वतः काय खाल्लं एवढं मात्र कुठेच नव्हतं. दरम्यान शेजारच्या विभागाचा निरीक्षक येऊन काटा उघडून गेला होता. साहेब त्यावर उभे राहिले. एकशे वीस किलो चारशे ग्रॅम. पंचनाम्याच्या आठवड्यात नेमकं किती वाढलं ते कळायला मार्ग नव्हता, पण मास्तरांचा पट्टा एक भोक पुढे सरकला होता, हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं.

दुपारी तीन वाजता डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. टेबलावर रक्ताचे कागद होते, पोटाचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल होतं आणि बाजूला ती वही. बाईंनी वहीवर हात ठेवला, पण काही बोलल्या नाहीत. हा चांगुलपणा काटेसाहेबांच्या लक्षात आला.

"तुमची उंची आणि वजन यांचा जो हिशोब आम्ही करतो, तो चाळिशीच्या वर जातोय. साखर सीमारेषेवर आहे. रक्तदाब जास्त आहे. यकृतावर चरबी आहे."

"आमच्या वरिष्ठांना साखर आहे. ते काडीसारखे आहेत."

"असू शकते. बारीक माणसालाही होते. वजन वाढलं की शक्यता वाढते, इतकंच."

"समजलं," काटेसाहेब म्हणाले. बारीक असून होते, जाड असून अजून झालेली नाही, आणि तरी जाड असणं वाईट. त्यांनी मान हलवली.

"ही तुमची चूक नाही, हेही सांगायला हवं. लठ्ठपणा हा आजार आहे. घराण्याचा भाग असतो, झोपेचा असतो, शरीरातल्या रसायनांचा असतो, खाण्याचा असतो, कामाच्या ताणाचा असतो."

काटेसाहेब खरे गोंधळले ते इथे. त्यांच्या अहवालात शेवटचा रकाना 'दोषी व्यक्तीचं नाव' असा असतो. तो रकाना रिकामा ठेवून त्यांनी आजवर एकही कागद पुढे पाठवला नव्हता. बाजारात त्यांची वट होती ती त्या रकान्यामुळेच.

"मग दोष कुणाच्या नावावर टाकायचा?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही. उपचार करायचा."

"समजलं."

बाईंनी पोटाचं मॉडेल उघडून दाखवलं. शस्त्रक्रियेत पोट लहान करतात, भूक कमी होते, साखर आणि रक्तदाब पुष्कळदा सुधारतात. पण ती जादू नव्हे. नंतर आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, आयुष्यभर तपासण्या, खाण्याची शिस्त सोडली तर वजन परत येऊ शकतं, आणि कुठल्याही शस्त्रक्रियेला असतो तसा धोका हिलाही आहे. काहींना नुसत्या औषधांनी, आहाराने उतार पडतो. "करायची की नाही, ते आज ठरवायचं नाही. आधी समजून घ्यायचं."

"समजलं," काटेसाहेब चौथ्यांदा म्हणाले. मावशींच्या जावेचा भाऊ, वाटी, घाम, भरलेला बांधा, आजोबा आणि हे प्लॅस्टिकचं पोट, सगळं त्यांच्या डोक्यात एकमेकांवर आपटत होतं.

"झोप कशी आहे?"

"उत्तम. पाठ टेकली की लागते."

बायको इतका वेळ मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत बसली होती. ती म्हणाली, "त्यांना लागते."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे खुर्ची वळवली. "घोरतात का?"

"घोरतात तोवर बरं असतं, डॉक्टर. घोरणं थांबलं की मी उठून बसते."

"थांबतं म्हणजे? श्वास थांबतो?"

"हो. मी मोजते. वीसपर्यंत मोजून हलवते. मग मोठ्ठा आवाज करून घेतात परत श्वास. पुन्हा थोड्या वेळाने थांबतात. एकदा एकतीसपर्यंत मोजलं होतं मी. हात उचलेना माझा."

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं होतील."

घड्याळाने मोजलंस की अंदाजाने, हा प्रश्न काटेसाहेबांच्या अगदी ओठावर आला होता. त्यांनी तो गिळला. चोवीस वर्षांत त्यांनी गिळलेला हा पहिला प्रश्न असावा.

"मला कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"काय बोलणार? तुम्ही विचारलं असतंत, पुरावा काय." ती रागाने म्हणाली नाही, त्यामुळेच ते जास्त लागलं. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असतात. मग दोघंही जागे. त्यापेक्षा एक तरी झोपलेला बरा."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. वजनामुळे गळ्याची वाट झोपेत बंद होते, रात्रभर मेंदूला आणि हृदयाला हवा कमी पडते, दुपारची पेंग त्यातूनच येते आणि हे सगळ्यात आधी बघायला हवं, असं त्यांनी सावकाश सांगितलं. एक रात्र इस्पितळात झोपायचं. अंगाला तारा लावतात आणि तंत्रज्ञ रात्रभर पडद्यावर श्वास बघत बसतो. गरज पडली तर रोज रात्री नाकावर लावायचं यंत्र देतात, ते वाट उघडी ठेवतं. प्रमाणपत्राचं त्यानंतर बघू. तोवर ट्रकच्या काट्यावर नको.

"रात्रभर कुणीतरी बघत बसतं?" बायकोने विचारलं.

"पूर्ण रात्र. जागा माणूस असतो."

"म्हणजे त्या रात्री," ती थांबली, मग संकोचून म्हणाली, "त्या रात्री मी झोपले तर चालेल?"

"चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काटेसाहेबांना बाजार आठवला नाही, वरिष्ठ आठवले नाहीत. त्यांना लाज वाटत होती आणि भीती वाटत होती, आणि त्यातलं कुठलं जास्त, ते ठरवता येत नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मघापासून मी समजलं समजलं म्हणतोय. मला काहीही समजलेलं नाही. पहिल्यापासून सांगाल का?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, बाहेर ताटकळणाऱ्या लोकांचा विचार केला असावा, आणि पोटाचं मॉडेल पुन्हा जवळ ओढलं. "सांगते. तर आपलं जठर—"

काटेसाहेबांनी एकदम हात वर केला. शेजारच्या खुर्चीत बायकोची मान एका बाजूला कलली होती. पिशवी मांडीवरून घसरून पायांशी पडली होती. दुपारी साडेतीन वाजता, परक्या माणसासमोर, दिव्याच्या लख्ख उजेडात ती गाढ झोपली होती.

"हळू बोला, डॉक्टर. उठेल ती." काटेसाहेबांनी खुर्ची न वाजवता पुढे झुकून आवाज अगदी खाली आणला. "आणि ते पोटाचं मागाहून. हिला रोज रात्री अशी झोप लागायची असेल तर मला काय काय करावं लागेल, तेवढं आधी सांगा."